हरकाम्या की अष्टपैलू?

संघ लावताना चार जागा मी विचार करून भरत असे आणि पाचवी उरलेल्या खेळाडूने. चेंडू खेळवत आणायला पॉईंट गार्ड हवा, लांबून बास्केट करायला शूटिंग गार्ड हवा, रिंगखाली रेटारेटी करायला पॉवर फॉरवर्ड आणि सेंटर हवेत, एवढं कुणालाही कळतं. राहता राहिला स्मॉल फॉरवर्ड. त्याचं नेमकं काम काय हे मला सांगता येत नव्हतं, म्हणून ज्याला दुसरीकडे कुठे जागा मिळाली नाही तो तिथे. ‘बझरबीटर’ या ऑनलाइन खेळातला माझा पहिला हंगाम असा गेला. हंगाम संपल्यावर हरलेल्या सामन्यांची पत्रकं पुन्हा उघडून बसलो. समोरच्या संघाचा स्मॉल फॉरवर्ड मला जवळजवळ प्रत्येक वेळी महागात पडला होता, आणि प्रत्येक वेळी निराळ्या तऱ्हेने. एकाने आत घुसून गुण मिळवले होते, दुसऱ्याने माझ्या सेंटरच्या हातचे रिबाउंड पळवले होते, तिसऱ्याने स्वतः फारसं काही न करता माझ्या सगळ्यात चांगल्या नेमबाजाला गप्प बसवलं होतं. मी जी जागा उरलेल्यांची समजत होतो, तिथून दुसरे लोक सामने जिंकत होते.

मराठीत एकाच गुणाला दोन नावं आहेत. पोस्टात जाणारा, पाहुण्यांना स्टेशनवर सोडून येणारा, आणि वेळ पडली तर स्वयंपाकघरात भाजी निवडायला बसणारा माणूस हा हरकाम्या. फलंदाजी, गोलंदाजी आणि क्षेत्ररक्षण तिन्हींत उपयोगी पडणारा तो अष्टपैलू. एकाला हाक मारतात, दुसऱ्याला हार घालतात. काम मात्र दोघांचं एकाच जातीचं असतं: जिथे उणं पडेल तिथे उभं राहायचं. स्मॉल फॉरवर्ड या दोन शब्दांच्या मधे उभा आहे. या खेळातला बाजार त्याला हरकाम्याच्या भावात मोजतो. ज्याला त्याचा उपयोग कळला तो त्याच्याकडून अष्टपैलूचं काम करून घेतो. ही पुस्तिका त्या दोन भावांमधल्या फरकाविषयी आहे.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात बटणं दाबून उड्या मारायच्या नसतात. तुम्ही संघाचे मालक, व्यवस्थापक आणि प्रशिक्षक, तिन्ही एकदम. स्वीडनमध्ये १९९७ साली सुरू झालेल्या ‘हॅटट्रिक’ या फुटबॉलच्या खेळाने ही वाट रुळवली, बझरबीटर त्याच वाटेवरचा बास्केटबॉलचा प्रवासी. एका लीगमध्ये १६ संघ, त्यांचे ८-८ चे दोन गट, आणि १४ आठवड्यांचा हंगाम. सामन्याआधी पाच जण आणि त्यांचे बदली ठरवायचे, हल्ल्याची आणि बचावाची पद्धत निवडायची. सामना सुरू झाला की आपण प्रेक्षक. पडद्यावर ओळीमागून ओळ सरकत राहते: याने पास दिला, त्याने उडी मारून नेम धरला, कुणी तरी तो अडवला. ४८ मिनिटं संपल्यावर हातात आकड्यांचं पत्रक येतं. पुढचा आठवडाभर ते वाचत बसायचं आणि आपलं काय चुकलं हे शोधायचं. या खेळात हात शिवशिवणाऱ्या माणसाचा निभाव लागत नाही. इथे हंगाम-दोन हंगाम थांबता येणारा माणूस टिकतो, आणि स्मॉल फॉरवर्डच्या बाबतीत तर थांबण्याला पर्यायच नाही.

आधी या जागेचा खऱ्या मैदानावरचा इतिहास पाहू, कारण संगणकातल्या खेळाने नियम तिथूनच उचलले आहेत. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत, पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. तेव्हा एका बाजूला नऊ खेळाडू असत. पुढे वायएमसीएच्याच पायांनी तो जगभर फिरला. मुंबईत नागपाड्याच्या मस्तान वायएमसीएचं मैदान आजही बास्केटबॉलसाठी ओळखलं जातं, ते त्याच नात्याने. नऊचे पाच झाले तेव्हा रचना साधी होती: दोन गार्ड, दोन फॉरवर्ड, एक सेंटर. दोन्ही फॉरवर्ड एकाच नावाने ओळखले जात. पुढे कामं वाटली गेली. रिंगजवळ अंग घालून खेळणारा फॉरवर्ड पॉवर फॉरवर्ड झाला, आणि उरलेल्याला स्मॉल फॉरवर्ड म्हणू लागले. म्हणजे नाव देतानासुद्धा तो ‘उरलेला’च होता.

त्या ‘स्मॉल’ शब्दाने नवख्यांची फसगत होते. लॅरी बर्ड ६ फूट ९ इंच उंच होता आणि त्याने १९८४ ते १९८६ अशी लागोपाठ तीन वर्षं अमेरिकेतल्या एनबीए लीगचा सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळवला. त्याला लहान म्हणायची कुणाची छाती होती? लहान म्हणजे शेजारच्या पॉवर फॉरवर्डच्या मानाने लहान, इतकंच. प्रशिक्षकांच्या फळ्यावर या जागेला ‘तीन’ म्हणतात: एक आणि दोन हे गार्ड, चार आणि पाच हे रिंगखालचे गडी, आणि मधला तीन. या पुस्तिकेत मीही पुष्कळदा ‘तीन नंबर’च म्हटलं आहे. त्या नावाने उंचीचा घोळ मिटतो, आणि दोन्हीकडे हात पोचणारा मधला माणूस हे चित्रही डोळ्यांसमोर येतं.

या जागेचं सगळ्यात बोलकं उदाहरण स्कॉटी पिपेनचं. शिकागो बुल्सने १९९१ ते १९९८ या काळात सहा वेळा एनबीएचं विजेतेपद मिळवलं आणि जगाला त्यात मायकेल जॉर्डन दिसला. १९९१ च्या अंतिम फेरीचा दुसरा सामना आठवा. पहिला सामना लॉस एंजेलिस लेकर्सनी जिंकलेला. दुसऱ्यात जॉर्डनवर सुरुवातीलाच दोन फाउल लागले आणि मॅजिक जॉन्सनला रोखण्याचं काम पिपेनकडे आलं. मॅजिक हा ६ फूट ९ इंचाचा पॉईंट गार्ड. साध्या गार्डच्या डोक्यावरून त्याला सगळं मैदान दिसे, आणि उंच सेंटरला त्याच्या पायांची गती झेपत नसे. पिपेनकडे लांब हात होते आणि गार्डचे पायही होते. बुल्सनी तो सामना जिंकला आणि पुढचे तीनही. पुढे १९९४-९५ च्या हंगामाचा बहुतेक काळ जॉर्डन संघाबाहेर होता. त्या वर्षी एकूण गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील आणि ब्लॉक अशा पाचही रकान्यांत बुल्समध्ये पहिलं नाव पिपेनचं होतं. एका माणसाने पाच जणांचे रकाने भरले.

हा माणूस घडला कसा, हे त्याहून महत्त्वाचं आहे आणि या पुस्तिकेचा गाभा त्यातच आहे. आर्कान्सा राज्यातल्या हॅम्बर्ग नावाच्या छोट्या गावात शाळेत असताना पिपेन ६ फूट १ इंचाचा पॉईंट गार्ड होता. चेंडू हाताळणं, पास देणं, मैदान वाचणं हे त्या वयात अंगात मुरलं. मग कॉलेजात तो वाढत वाढत ६ फूट ८ इंचांवर गेला. उंची फॉरवर्डची आली आणि हात गार्डचेच राहिले. पहिल्यापासून त्याला तीन नंबरवरच उभं केलं असतं तर कदाचित एक बरा फॉरवर्ड मिळाला असता. तो दुसऱ्याच्या जागेवर शिकला म्हणून स्वतःच्या जागेवर वेगळा ठरला. बझरबीटरमध्ये निसर्गाने दिलेला हा योग आपल्याला ठरवून जुळवावा लागतो.

खेळात प्रत्येक खेळाडूचे दहा मुख्य गुण असतात. सहा बाहेरचे: जम्प शॉट, जम्प रेंज, आउटसाइड डिफेन्स, हॅण्डलिंग, ड्रायव्हिंग आणि पासिंग. चार आतले: इनसाइड शॉट, इनसाइड डिफेन्स, रिबाउंडिंग आणि शॉट ब्लॉकिंग. दमसास आणि फ्री थ्रो वेगळे मोजतात, आणि अनुभव खेळून येतो. प्रत्येक गुणाला एक विशेषण चिकटलेलं असतं. तळाच्या पायरीवर ‘ॲट्रोशस’, सातव्यावर ‘रिस्पेक्टेबल’, विसाव्यावर ‘लेजेंडरी’. सेंटर विकत घेताना नजर आतल्या चार गुणांवर जाते, पॉईंट गार्डच्या वेळी पासिंग, हॅण्डलिंग आणि बाहेरच्या बचावावर. तीन नंबरसाठी मात्र दहाही रकाने वाचावे लागतात. नवखा इथेच कंटाळतो.

दहाही हवेत म्हणून सगळे सारखेच हवेत असं नाही. माझ्या मते क्रम असा लागतो. सगळ्यात आधी आउटसाइड डिफेन्स. समोरचा तीन नंबर बहुतेक वेळा बाहेरूनच हल्ला सुरू करतो, आणि तिथे भिंत नसेल तर बाकीची कौशल्यं उपयोगाला यायच्या आधीच गुण गेलेले असतात. त्याच्या पाठोपाठ इनसाइड डिफेन्स. बाहेर अडवलेला माणूस आत शिरतो, आणि ज्या संघांचा सगळा हल्ला आतूनच चालतो ते तुमच्या तीन नंबरचा आतला बचाव दुबळा आहे हे पहिल्या दहा मिनिटांत दाखवून देतात. या दोन गुणांची जोडी गार्डकडे नसते आणि सेंटरकडेही नसते. तीन नंबरची पहिली ओळख हीच.

मग ड्रायव्हिंग आणि हॅण्डलिंग. यांच्या बळावर खेळाडू स्वतःसाठी चांगली संधी तयार करतो. दुसऱ्याने आयती दिलेली संधी कोणीही घेतो, पण हल्ला अडून बसला असताना समोरच्याला चकवून एक पाऊल पुढे जाणारा कुणी तरी हवा असतो. नेमबाजीत जम्प शॉट आणि इनसाइड शॉट दोन्ही थोडेफार लागतात. किती, ते तुमच्या हल्ल्याच्या पद्धतीवर. पासिंगकडे लोक काणाडोळा करतात, पण सामन्यानंतरच्या पत्रकात ‘ऑफेन्सिव्ह फ्लो’ (हल्ल्याचा ओघ) नावाचा रकाना असतो आणि तो एकट्या पॉईंट गार्डच्या जोरावर भरत नाही. रिबाउंडिंगचंही तसंच. चार आणि पाच नंबर मिळून जे झेलतात त्यात तिसऱ्या हाताची भर पडली, तर समोरच्या संघाच्या वाट्याच्या दुसऱ्या संधी कमी होतात. शॉट ब्लॉकिंग मी शेवटी ठेवतो. असेल तर उत्तम, नसेल तर त्यासाठी हंगाम घालवू नये.

आता पैशाची गोष्ट. प्रत्येक जागेसाठी पगाराचं गणित वेगळं आहे. खेळाडूचे गुण त्या त्या गणितात घातले जातात आणि जिथे आकडा सगळ्यात मोठा येतो तो त्याचा पगार ठरतो. वरच्या पायऱ्यांवर हा आकडा झपाट्याने चढतो. समजा, दोन खेळाडू आहेत आणि दोघांच्या दहा गुणांची बेरीज ८० आहे. एकाचे आतले चार गुण १४-१४ आणि बाहेरचे सहा ४-४. दुसऱ्याचे दहाही गुण ८-८. बेरीज सारखी, पण पहिल्याला सेंटरचा चढा पगार मोजावा लागेल आणि दुसरा त्यामानाने फुकटात पडेल, कारण कुठल्याही एका जागेच्या गणितात त्याचे थोडेच गुण धरले जातात. बाकीचे गुण तुम्हाला वरची भर म्हणून मिळतात. भाजीवाल्याने वर घातलेल्या कोथिंबिरीसारखे.

या वरच्या भरीला भुलून चालत नाही, हेही सांगायला हवं. सगळीकडे ८ असलेला खेळाडू स्वस्त असतो तो काही कारणानेच. खालच्या लीगमध्ये तो शोभतो, वरच्या लीगमध्ये समोरचा प्रत्येक जण कशात ना कशात त्याच्या वरचढ असतो. हा खरा हरकाम्या: सगळं जमतं, पण कुणाला भीती वाटावी असं काही नाही. अष्टपैलू व्हायचं तर निदान दोन-तीन गुण धारदार हवेत आणि बाकीचे लाज राखण्याइतके. हा तोल नेमका कुठे ठेवायचा, हाच व्यवस्थापकाचा खरा निर्णय. पुस्तिकेतला सगळ्यात लांब भाग मी त्याला दिला आहे.

पगाराच्या या विचित्र हिशोबाचं खऱ्या मैदानावरचं प्रतिबिंब पुन्हा पिपेनकडेच सापडतं, जरी तिथे कारण वेगळं होतं. त्याने १९९१ मध्ये लांब मुदतीचा करार केला, लीगमधले पगार पुढे भराभर वाढत गेले, आणि तो जुन्या आकड्याला बांधलेला राहिला. बुल्सच्या सहाव्या विजेतेपदाच्या, म्हणजे १९९७-९८ च्या हंगामात पगाराच्या यादीत तो लीगमध्ये १२२ वा होता आणि खुद्द बुल्समध्ये सहावा. त्याला याचा राग होता आणि तो रास्त होता. आपल्या खेळातले खेळाडू रागावत नाहीत. ही व्यवस्थापकाची चैन आहे, तिचा फायदा घ्यावा.

बाजारात तीन नंबर शोधताना आणखी एक गंमत आहे. खेळाडूच्या नावापुढे त्याची सर्वोत्तम जागा लिहिलेली असते, पण तो शिक्का पगाराच्याच गणितातून आलेला असतो. त्यामुळे कितीतरी चांगल्या स्मॉल फॉरवर्डांवर शूटिंग गार्ड किंवा पॉवर फॉरवर्ड असा शिक्का बसलेला असतो. शिक्का पाहून शोधाल तर गर्दीत बोली लावत बसाल. गुणांची चाळणी लावून शोधाल तर लिलावात शांतपणे एखादं रत्न पदरात पडेल. मात्र अशी रत्नं बाजारात क्वचितच येतात, कारण ती घडवायला वेळ लागतो आणि घडवणारा ती सहसा विकत नाही. म्हणून शेवटी प्रश्न प्रशिक्षणावर येतो.

प्रशिक्षणाचा नियम साधा आहे आणि त्या साधेपणातच तिढा आहे. दर आठवड्याला एक गुण निवडायचा, आणि तो गुण ज्या जागेशी जोडलेला असेल त्या जागेवर खेळाडूने त्या आठवड्यात ४८ मिनिटं खेळलेली असली की त्याला पुरा लाभ मिळतो. बाहेरचा बचाव शिकवायचा तर पोराला पॉईंट गार्ड म्हणून उतरवा. आतला बचाव शिकवायचा तर सेंटर म्हणून. दोन जागांना मिळून एकच गुण शिकवता येतो, पण मग प्रत्येकाची प्रगती मंदावते. फॉरवर्डांसाठी ‘वन ऑन वन’चा सराव आहे, त्यात ड्रायव्हिंग आणि हॅण्डलिंग सुधारतं आणि नेमबाजीलाही थोडा हात लागतो. पण दोन्ही बचाव, ज्यांना मी सगळ्यात वर ठेवलं, ते तीन नंबरच्या जागेवर उभं राहून नीट शिकता येत नाहीत. ज्याला स्मॉल फॉरवर्ड व्हायचं आहे त्याने काही हंगाम दुसऱ्याच जागांवर काढायचे, तिथे मार खायचा, आणि मग आपल्या जागेवर परत यायचं.

याची किंमत संघ चुकवतो. चेंडू नीट न सांभाळता येणारा अठरा वर्षांचा पोरगा पॉईंट गार्डला उभा राहिला की चेंडू हातचे जातात. तोच सेंटरला गेला की समोरचा सेंटर मनसोक्त गुण लुटतो. म्हणून हुशार व्यवस्थापक अशी मिनिटं मैत्रीपूर्ण सामन्यात उरकतात आणि लीगचे सामने सांभाळतात. पण आठवड्याला एकाच पोराला हे जमतं. दुसऱ्यालाही घडवायचं असेल तर लीगचा एखादा सामना पणाला लावावा लागतो. शिवाय आठवड्याभरात खेळाडू फार कमी खेळला तरी त्याचा ‘गेम शेप’ (खेळाची तयारी) उतरतो आणि फार जास्त खेळला तरी. मिनिटांचा हा हिशोब म्हणजे महिनाअखेरचा घरखर्च. एका डब्यातलं दुसऱ्यात टाकल्याशिवाय भागत नाही.

उंचीचाही इथेच संबंध येतो. बझरबीटरमध्ये उंचीने सामना जिंकता येत नाही. तिचा परिणाम फक्त शिकण्याच्या वेगावर होतो. उंच पोरं आतले गुण लवकर शिकतात, बुटकी पोरं बाहेरचे. तीन नंबरसाठी साडेसहा फुटांच्या आसपासचा पोरगा बरा, कारण त्याचं दोन्हीकडे सारखंच अडतं आणि दोन्हीकडे सारखंच जमतं. वय वाढतं तसा शिकण्याचा वेग मंदावतो. म्हणून जो गुण त्याच्या उंचीला जड जातो तो आधी, वय लहान असताना शिकवावा असं माझं मत आहे. याच्या उलट मत असलेले व्यवस्थापकही आहेत. त्यांचे मुद्दे मी पुस्तिकेत दिले आहेत, आणि त्यातले काही मला अजून खोडता आलेले नाहीत.

घडलेला तीन नंबर वापरायचा कसा, हे हल्ल्याच्या पद्धतीवर ठरतं. ‘लुक इनसाइड’ खेळणाऱ्या संघात तो तिसरा आतला हल्लेखोर असतो. तिथे इनसाइड शॉट आणि ड्रायव्हिंग धारदार हवं, जम्प रेंज कमी असली तरी चालते. ‘मोशन’ किंवा ‘रन अँड गन’मध्ये तोच माणूस तिसरा नेमबाज होतो. तिथे जम्प शॉट आणि रेंज लागते, आणि दोन्ही गार्ड बाहेर रमलेले असताना आतला बचाव आणि रिबाउंडची जबाबदारी त्याच्यावर जास्त पडते. तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडतो: पास देणारा फॉरवर्ड. याला ‘पॉईंट फॉरवर्ड’ म्हणतात. पिपेन तोच होता. नवखे लोक यापैकी काहीच न करता तिसरा गार्ड किंवा दुसरा पॉवर फॉरवर्ड त्या जागी उभा करतात. पहिल्या चुकीत आतला बचाव आणि रिबाउंड जातात, दुसरीत चेंडू हातचा जातो आणि बाहेरचं दार उघडं पडतं. मी दोन्ही चुका केल्या आहेत, आणि ओळीने केल्या आहेत.

या जागेचं मोल पत्रकात का दिसत नाही, हा प्रश्न फक्त आपल्या खेळापुरता नाही. मायकेल लुईस यांनी २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिनमध्ये ह्यूस्टन रॉकेट्सच्या शेन बॅटियरवर एक लेख लिहिला होता. बॅटियरचे स्वतःचे आकडे सामान्य होते, पण तो मैदानावर असला की त्याचे साथीदार अधिक चांगले खेळत आणि प्रतिस्पर्धी अधिक वाईट. त्यानंतर २०१५ ची अंतिम फेरी. गोल्डन स्टेट वॉरियर्स १-२ ने मागे होते. चौथ्या सामन्यात प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी सेंटर अँड्र्यू बोगटला बसवून आंद्रे इग्वोडालाला पहिल्या पाचांत घेतलं. त्या वर्षीच्या नियमित हंगामात इग्वोडाला एकाही सामन्यात सुरुवातीपासून उतरला नव्हता. समोर लेब्रॉन जेम्स होता आणि त्याला अडवण्याचं मुख्य काम इग्वोडालाकडे. वॉरियर्सनी पुढचे तीनही सामने जिंकले आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती इग्वोडालाची. लेब्रॉनचे गुण त्याच्याहून दुपटीपेक्षा जास्त होते. निवड करणाऱ्यांनी त्या वेळी फक्त गुणांचा रकाना पाहिला नाही.

बझरबीटरचं पत्रक वाचतानाही ही नजर लागते. आपल्या तीन नंबरने आठच गुण केले म्हणून हळहळण्याआधी समोरच्या तीन नंबरने किती प्रयत्नांत किती केले ते पाहावं. मग संघाचे सहा रकाने पाहावेत: बाहेरची नेमबाजी, आतली नेमबाजी, बाहेरचा बचाव, आतला बचाव, रिबाउंड आणि फ्लो. सेंटर बदलला तर यातले दोन-तीन हलतात. तीन नंबर बदलून पाहा, सहाच्या सहा थोडे थोडे हलतील. प्रत्येक हालचाल बारीक असते, म्हणून ती नजरेतून सुटते. सहा बारीक हालचालींची बेरीज मात्र सामना फिरवते.

पुस्तिकेची मांडणी याच क्रमाने केली आहे: आधी गुण, मग पगार आणि बाजार, मग प्रशिक्षण, मग डावपेच, शेवटी पत्रकाचं वाचन. घाई असेल त्यांनी प्रशिक्षणाचा भाग आधी वाचला तरी चालेल, पण पगाराचा भाग वगळू नये. खेळाचे चालक अधूनमधून गणितं बदलतात. म्हणून नेमके आकडे पाठ करण्यापेक्षा त्यामागचं कारण धरून ठेवावं. ज्या अनोळखी प्रतिस्पर्ध्यांनी हरवल्यानंतर सौजन्याने माझ्या शंकांना उत्तरं दिली, त्यांचा मी ऋणी आहे. जिंकल्यानंतर मी इतका उदार असतो असं मला म्हणवत नाही.

आता मी संघ लावतो तेव्हा तीन नंबरची जागा आधी भरतो आणि बाकीचे चार त्याच्याभोवती बसवतो. सध्या तिथे उभा असलेला पोरगा माझ्याकडे अठराव्या वर्षी आला. दोन हंगाम तो पॉईंट गार्ड होता, त्यात आम्ही एकदा खालच्या लीगमध्ये घसरता घसरता वाचलो. पुढचे दोन हंगाम मैत्रीपूर्ण सामन्यांत सेंटर होता, ते बहुतेक सगळे हरलो. त्या चार हंगामांत तो स्वतःच्या जागेवर क्वचितच उभा राहिला. त्याच्या नावापुढे आजही शूटिंग गार्ड असाच शिक्का आहे, आणि तो बदलावा अशी माझी मुळीच इच्छा नाही.